धोंड्याच्या महिन्यातला फुटबॉल

सातारा,
१७ सप्टेंबर १९९३

तीर्थरूप मावशी,

साताऱ्याहून हरीचा वाकून नमस्कार. (वाकून असं लिहिलं खरं, पण लिहितो आहे खुर्चीत बसून, प्रत्यक्ष भेटीत वाकेनच.) तुझा गुडघा कसा आहे? मिरजेच्या डॉक्टरांनी तुला जिने चढायची मनाई केल्याचं कळलं, आणि ती मनाई ऐकायला तू त्यांच्या दवाखान्याचे दोन मजले चढून गेली होतीस हेही कळलं. इकडे आम्ही सारे बरे आहोत. विजयमालेला सर्दी आहे, पण ती तिला दर गणपतीच्या आधी होतेच, म्हणून आम्ही तिची आजारात गणना करत नाही.

आता तुझ्या रागाकडे येतो. गेल्या रविवारी मी सांगलीत तुझ्या दारावरून टेम्पोत उभा राहून गेलो आणि उतरलो नाही, असं तुला समोरच्या लीलाबाईंनी सांगितलं. ते खरं आहे. दुपारी पुन्हा तसाच गेलो, हेही खरं आहे. त्यांनी हात केला तरी मी उलट हात केला नाही, हा तिसरा आरोपही मी मान्य करतो. फक्त माझ्या दोन्ही हातांत तेव्हा अनारशांचा डबा होता हे त्यांना टेम्पोच्या फळीमुळे दिसलं नसावं. सख्ख्या मावशीचं दार सोडून दुसऱ्यांचे अनारसे सांभाळत भाचा कुठे निघाला होता, हे तुला समजायला हवं. त्यासाठी थोडं मागून सुरुवात करतो.

मी यंदा आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा व्यवस्थापक आहे. यात माझी काही योग्यता नाही. तर्कशास्त्राला विद्यार्थी मोजके असल्यामुळे माझ्याकडे वेळ असतो असं प्राचार्यांचं मत पडलं. (वेळ असतो हे खरं; पण तो त्या कारणाने असतो का, याची मला खात्री नाही.) जिमखान्याचे सर कबड्डीतले. ज्या खेळात खेळाडूला हवा तेव्हा श्वास घेता येतो, त्याला ते खेळ म्हणायला तयार नाहीत. तेव्हा संघ माझ्याकडे आला, आणि संघाबरोबर मैदानाचा प्रश्नही आला. संस्थेतल्या काही मंडळींना त्या मैदानावर मंगल कार्यालय बांधायचं आहे. प्राचार्य न्यायी माणूस. ते मला म्हणाले, यंदा एक सामना जिंकून दाखवा, मैदान राहील. नाही तर पुढच्या वर्षी तिथे मांडव. मी जिंकण्याची व्याख्या विचारली. ते म्हणाले, "समोर माणसं असताना."

ही अट तुला विचित्र वाटेल, पण तिला कारण आहे. सातारा विभागात फुटबॉल खेळणारं कॉलेज आमचं एकच. दुसऱ्या एका कॉलेजचं नाव दर वर्षी कागदावर असतं, पण माणसं येत नाहीत. यंदाही आमची मुलं ओळीनं उभी राहिली, पंचांनी घड्याळ पाहिलं, शिट्टी वाजवली, आमच्या ऋषिराजने रिकाम्या जाळीत चेंडू मारला आणि आम्ही विभागाचे विजेते झालो. मुलांच्या गावात हलगी लावून मिरवणूक निघाली. सरपंचांनी सर्वांना फेटे बांधले आणि भाषणात, अशी झुंज आपण जन्मात पाहिली नव्हती, असं सांगितलं. मलाही फेटा बांधला. मी तो डोक्यावर ठेवावा की नाही, याचा विचार करेपर्यंत मिरवणूक संपली. त्या दिवशीच्या रोजनिशीत मी 'विजय' असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. अशा रीतीने आम्ही दर वर्षी विजेते होतो, सांगलीला आंतरविभागीय सामन्यांना जातो, आणि समोर माणसं आली की हरतो.

मुलांविषयी सांगायला हवं. ती सगळी कोरेगावच्या बाजूच्या एकाच वाडीतली. तिथले एक जगदाळे सुभेदार लष्करातून निवृत्त होताना फुटबॉल घेऊन आले आणि त्यांनी अख्ख्या वाडीला तो शिकवला. त्यामुळे आमच्या संघात दहा जगदाळे आणि एक अस्लम मुलाणी. सुभेदारांचा मुलगा कृष्णात हा आमचा गोलरक्षक आणि कर्णधार, ऋषिराज त्याचा चुलतभाऊ, आणि बाकीचे या दोघांचे कोणी ना कोणी. यादी पाहून पंच दर वेळी म्हणतात की तुम्ही एकच नाव खाली खाली उतरवत गेला आहात.

मुलं खेळायला खरंच चांगली आहेत. (हे मी व्यवस्थापक म्हणून म्हणतो आहे का, हे मी स्वतःला दोनदा विचारलं.) मी नियमांचं पुस्तक आणून नीट वाचलं. त्यातला ऑफसाइडचा नियम आमच्या कॉलेजात फक्त मलाच कळलेला आहे, म्हणून तो मुलांना फळ्यावर साध्य, पक्ष, निष्कर्ष अशी मांडणी करून एक तासभर समजावला. शेवटी कृष्णात उभा राहिला आणि म्हणाला, "सर, म्हंजी फुडं जाऊन वाट बघत हुबं ऱ्हायाचं न्हाई, येवढंच न्हवं?" मी फळा पुसला. पण मुलांनी सबंध पावसाळा चिखलात सराव केला, जनावरांच्या धारा काढून सकाळच्या एस.टी.ने येत राहिली, आणि मला वाटू लागलं की यंदा मैदान राहणार. मी देवाला काही बोललो नाही. पण गणपतीच्या देवळावरून जाताना चाल थोडी हळू होत असे, हे नाकारत नाही.

रविवारी टेम्पोने सांगलीला निघालो, तेव्हा कृष्णातच्या आई, शालूबाई, अनारशांचा डबा घेऊन आल्या. त्यांची थोरली लेक रेश्मा गेल्या वैशाखात तासगावला द्राक्षबागायतदारांच्या घरी दिली आहे. तुला माहीतच आहे, हा अधिक महिना होता, धोंड्याचा, आणि लग्नानंतरचा पहिलाच. या महिन्यात जावयाचा मान केवढा असतो ते मी तुला काय सांगावं! पण जावई परीक्षा आहे, अभ्यास आहे, असं सांगत धोंड्याच्या जेवणाला अजून आलेच नव्हते. महिना संपत आला होता. तेव्हा सांगलीपर्यंत जातच आहात तर सामना झाल्यावर डबा तासगावला पोचता करा, आणि त्यांच्या हातातच द्या, असं शालूबाईंनी मला बजावलं. मुलांच्या हाती दिला तर टेम्पोतच संपेल, हा त्यांचा तर्क निर्दोष होता. म्हणून डबा माझ्याकडे.

मैदानावर उतरलो. सांगलीच्या कॉलेजचा संघ पलीकडे पळत होता. कृष्णातने त्यांच्याकडे एकवार पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, पोट बिघडलं. तो हळूच म्हणाला, "सर, दाजी." नऊ नंबरचा शर्ट घातलेले, सांगलीचे मुख्य आक्रमक, एम.ए.च्या वर्गात नाव असलेले नाथाजीराव म्हणजेच रेश्माचे यजमान. अभ्यास म्हणत होते तो हा. ते खेळतात हे यांना ठाऊक कसं नव्हतं, असं मी विचारलं. दाजी संघात यंदाच आलेले, आणि लग्न ठरवण्याच्या वेळी मुलाला खेळाची आवड आहे असं सांगितलं होतं, पण वाडीतल्या मंडळींनी त्याचा अर्थ पत्ते असा घेतला आणि मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं.

सामन्याआधी दोन्ही संघ हस्तांदोलन करतात असा प्रघात आहे. आमचे दहाही जगदाळे नऊ नंबरपाशी आले की वाकून पाया पडत होते. नाथाजीराव भला माणूस आहे; तो लाजून "आरं, ऱ्हाऊ द्या की," म्हणत मागे सरकत होता. पंचांनी मला विचारलं की हा तुमच्याकडचा व्यायाम आहे का. मी म्हटलं, नाही, नातं आहे. कृष्णातने माझ्याकडून डबा मागून घेतला आणि तिथेच मध्यरेषेवर दाजींच्या हातात दिला. दाजींना एक अनारसा खावाच लागला. मग डबा त्यांनी सांभाळायला पुन्हा माझ्याकडेच दिला, कारण त्या मैदानावर मोकळा असा मी एकटाच होतो.

खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की आपण संकटात आहोत. चेंडू इतर कोणाकडे असला की आमची मुलं वाघासारखी तुटून पडत. तो दाजींकडे गेला की वरातीत वाट करून देतात तशी दोन्ही बाजूंना सरकून उभी राहत. दाजी बिचारे इकडेतिकडे बघत, कोणी येतंय का म्हणून थांबत. कोणी येत नसे. शेवटी चेंडूचं काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी तो जाळीत मारला. माझी सारी भिस्त अस्लमवर होती. जे जगदाळे ते दाजींना अडवत नाहीत. अस्लम जगदाळे नाही. म्हणून अस्लम दाजींना अडवेल. वास्तविक परीक्षेत असा निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला मी शून्य गुण देतो. अस्लमही बाजूला सरकला. मी रेषेवरून ओरडलो तेव्हा तो म्हणाला, "सर, गावचा जावई हाय. माजाबी दाजीच की त्यो." मध्यंतराच्या शिट्टीपूर्वी दाजींनी दुसरा गोल केला, आणि केल्यावर मान खाली घालून परत गेले.

मध्यंतरात मी मुलांना गोळा केलं. मैदान जाणार होतं, आणि माझ्या हातात वादाशिवाय काही नव्हतं. मी म्हटलं, नाथाजीराव मैदानाबाहेर तुमचे दाजी. पण रेषेच्या आत ते केवळ नऊ नंबर आहेत. कृष्णातने विचार केला आणि म्हणाला, "सर, आमची आक्का नऊ नंबरला दिलीया का दाजीला?" मी दुसऱ्या बाजूने गेलो. म्हटलं, जावई सासरवाडीला आला तर त्याचा मान. इथे ते तुमच्याकडे आलेले नाहीत, तुम्ही त्यांच्याकडे आला आहात. हे बोलायला नको होतं. मुलांचे चेहरे आणखी उतरले. "म्हंजी लेकीच्या घरी आलोय की रं आपन," ऋषिराज म्हणाला, आणि सांगलीच्या कॉलेजने ठेवलेल्या माठातलं पाणी प्यायला गेलेली दोन मुलं भरलेले पेले तसेच ठेवून परत आली. लेकीच्या घरचं पाणी कसं प्यावं, हा प्रश्न. या पद्धतीला मी वर्गात अनेकदा विरोध केला आहे. पण तहानलेल्या, हरत आलेल्या मुलांसमोर तो करावा की नाही हे ठरेना.

तेवढ्यात रेश्मा आली. ती सासूबाईंबरोबर पलीकडच्या बाजूला, डोक्यावर पदर घेऊन बसलेली होती. तिथून उठून स्वतः पाण्याची कळशी घेऊन आली. भाऊ तिच्याकडे बघेनात आणि कळशीला हात लावेनात. तिने एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. "माज्या घरचं पानी चालत न्हाई, आन गोल खाल्ल्यालं चालत्यात व्हय रं?" "तिकडं सासूबाई म्हनत्यात, सूनबाई, तुमच्या माहेरची पोरं लय गरीब सोभावाची. मला मान वर करून बसाय येईना झालंय. माजी आन हाय, आडवा त्येंनास्नी. पडलं झडलं तर मी बघून घेईन." आणि कळशी तिथेच आपटून गेली. मावशी, मी वीस वर्षं वाद घालायला शिकवतो आहे, पण इतकं थोडक्यात मला कधी जमलेलं नाही.

उत्तरार्धात मुलांनी जो खेळ केला तो मी कधी विसरणार नाही. दाजींना अडवायला लागले. अडवलं की पटकन वाकून त्यांच्या पायांकडे हात नेत, तो कपाळाला लावत आणि चेंडू घेऊन पळत. पंच यावर नियम शोधत होते. मला माहीत होतं की तसा नियम नाही. ऋषिराजने एक गोल केला. मग आणखी एक, डोक्याने, इतका सुंदर की सांगलीच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. बरोबरी झाली. मी अनारशांचा डबा छातीशी धरून उभा होतो आणि बहुधा नाचलो. (एका मुलाने तसं सांगितलं, मला आठवत नाही, पण डब्यातले काही अनारसे मोडले होते हा पुरावा आहे.)

आणि मग अस्लमने दाजींना अडवलं. चेंडू नीट काढून घेतला, काही चूक नव्हती, पण दाजी तोल जाऊन पडले. अस्लमच्या काळजाचं पाणी झालं. आपल्याच गोलसमोर उभं राहून त्याने दाजींकडे तोंड करून हात जोडले. खेळ चालूच होता. सांगलीच्या कोणीतरी मारलेला चेंडू आला आणि त्या जोडलेल्या हातांवर बसला. पंचांनी पेनल्टी दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि नियम वाचलेला असल्यामुळे मला मान डोलवावी लागली.

पेनल्टी घ्यायला अर्थात दाजी. समोर कृष्णात. त्या वेळी दोघांच्या मनात काय होतं हे मला नंतर दोघांकडून स्वतंत्रपणे कळलं, म्हणून सांगू शकतो. दाजींनी मनाशी ठरवलं होतं की सासरच्या माणसांना आपण आज फार त्रास दिला. हा चेंडू अलगद कृष्णातच्या हातात सोडायचा. आणि कृष्णातने मनाशी ठरवलं होतं की इतर वेळी अडवलं ते आक्काच्या आणेमुळे. पण सगळ्या लोकांदेखत दाजी समोर उभे राहून काही देत आहेत, तर ते आडवा हात घालून परतवायचं नाही. दाजींनी चेंडू इतका हळू सोडला की तो गवतात अडकेल असं मला वाटलं. तो नेमका कृष्णात उभा होता तिथे गेला. पण कृष्णात एक पाऊल बाजूला सरकून अदबीने उभा होता. चेंडू त्याच्या शेजारून जाळीत गेला आणि थांबला. दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मग शेवटची शिट्टी झाली.

मी आजवर चुकलेल्या माणसांमुळे झालेले पुष्कळ पराभव पाहिले. दोन माणसं एकाच वेळी चांगली वागल्यामुळे झालेला हा पहिलाच.

पुढचं थोडक्यात. रेश्मा नवऱ्याशीही बोलेना आणि भावाशीही. सासूबाई मात्र प्रसन्न होत्या. मुलांना वळण चांगलं आहे असं मला दोनदा म्हणाल्या आणि सगळ्यांनी तासगावला जेवायला यायलाच हवं म्हणून टेम्पोपुढे उभ्या राहिल्या. गेलो. तेव्हा लीलाबाईंनी मला दुसऱ्यांदा पाहिलं. उतरायचं माझ्या मनात होतं, पण तो टेम्पो एकदा थांबवला की ढकलल्याशिवाय सुरू होत नाही, आणि ढकलायला जी मुलं होती ती नुकतीच हरलेली. तासगावला मुलांनी द्राक्षाच्या मांडवाखाली बसून घरून आणलेली भाकरी खाल्ली. मी जगदाळेही नाही आणि वाडीचाही नाही, म्हणून सर्वांच्या वतीने मला एकट्याला पाटावर बसवलं आणि अकरा खेळाडूंचा आग्रह एका माणसाला केला. डबा रिकामा परत करायचा नाही म्हणून त्यात बेदाणे भरून दिले. आम्ही तिथूनच विट्यामार्गे परतलो.

सोमवारी प्राचार्यांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही आणि काही वाढवलंही नाही. त्यांना तीन मुली आहेत, तिघीही दिलेल्या. ते खिडकीतून मैदानाकडे बघत म्हणाले, "मग दुसरं काय करणार होती पोरं?" मंगल कार्यालयाचा विषय त्यांनी संस्थेकडून एक वर्ष पुढे ढकलून घेतला आहे. पण अट तीच आहे: समोर माणसं असताना. आणि पुढच्या वर्षी समोर पुन्हा सांगलीच असणार. दाजी उन्हाळ्यात एम.ए. होऊन कॉलेज सोडतील, पण बाकी संघ तसाच राहणार आहे, आणि तो दाजींशिवायही आमच्यापेक्षा ताकदवान आहे, हे मला प्रामाणिकपणे कबूल करावं लागतं.

असो. न भेटल्याची हकीकत ही अशी आहे. तुझा राग गेला असेल अशी आशा करतो, आणि नसेल तर तो रास्त आहे असं समजून चालतो. गौरीच्या दिवशी उभी राहून स्वयंपाक करू नकोस. विजयमाला तुला नमस्कार सांगते, मुलं आठवण काढतात.

तुझा,
हरी

ता. क. एक लिहायचं राहिलं. निवृत्तीनंतर तू आणि तुझ्याबरोबरच्या शिक्षिका हरणाबाई मिळून शाळेतल्या जुन्या मुलींच्या घरची लग्नं जुळवता, आणि त्यात जातपात, गाव, वाडी सगळ्यांची तुम्हाला माहिती असते. तर आमच्या ऋषिराजचं पाहावं, असं त्याच्या घरच्यांच्या मनात आहे. मुलगा बावीस वर्षांचा, उंच, निर्व्यसनी. घरची ऊसशेती, विहिरीला पाणी. पुढच्या वर्षी एम.ए.ला नाव घालणार आहे, म्हणजे खेळत राहील. खेळाची आवड आहे, आणि ती फुटबॉलची आहे, हे मुलीकडच्यांना स्पष्ट सांगावं. माझ्याकडून काही लपवाछपवी नको. मुलगी शक्यतो सांगलीच्या त्याच कॉलेजातल्या कोणाची तरी सख्खी किंवा चुलत बहीण असावी. भाऊ जितके जास्त तितकं घर भरलेलं.

ता. क. २. हे योग्य आहे का, असा विचार मी तीन दिवस केला. लग्न दोघांच्या पसंतीने होईल, कोणावर जबरदस्ती नाही, मुलगा खरंच चांगला आहे. तेव्हा गैर असं काही सापडलं नाही. मी ज्या पद्धतींना वर्गात विरोध करतो त्यांच्याच आधारावर उभा राहतो आहे, हे मात्र सापडलं. ते रोजनिशीत नोंदवून ठेवलं आहे. सामने सप्टेंबरात असतात. धोंड्याचा महिना आता तीन वर्षांनी, पण नव्या जावयाला पहिल्या वर्षी तो नसला तरी चालतं, असं विजयमाला म्हणते. लग्न मे अखेर व्हावं.

ता. क. ३. मुलीचे भाऊ संघात कोणत्या जागी खेळतात, ते आधी कळव. बचावात दोन असतील तर उत्तम. गोलरक्षक असेल तर तारेने कळव. पत्रिका मागाहून पाहता येईल.